तात्पुरत्या घरांची सव्वाशे वर्षं

१८९७ साली मुंबईच्या दाटीवाटीच्या वस्त्यांमधल्या चाळींवर रंगाने लिहिलेली तीन इंग्रजी अक्षरं दिसू लागली : यू. एच. एच. ही जागा माणसांना राहण्यास अयोग्य आहे, असा त्यांचा अर्थ. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला होता. मार्च १८९७ मध्ये ब्रिगेडियर जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. घराघरांत झडत्या सुरू झाल्या, माणसं विलगीकरणाच्या छावण्यांत हलवली गेली, अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावं म्हणून छपरांची कौलं काढली गेली. ज्या खोलीवर ती अक्षरं पडत, तिथल्या भाडेकरूने बिऱ्हाड उचलायचं होतं. तो कुठे जाणार, याचा विचार तेव्हाच्या घाईत कुणी केलेला नव्हता.

तो विचार मुंबईत तेव्हापासून सुरू झाला आणि अजून संपलेला नाही. घर पाडायचं ठरलं, की भाडेकरूचे दोन प्रश्न असतात. आता जायचं कुठे? आणि परत कधी यायचं? पहिल्या प्रश्नासाठी सरकारने सव्वाशे वर्षांत अनेक उत्तरं शोधली : ट्रस्टच्या चाळी, भाडेनियंत्रणाचा कायदा, दुरुस्ती मंडळ, संक्रमण शिबिरं, बृहतसूची आणि अलीकडे महिन्याचं रोख भाडं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र फार थोड्यांना वेळेवर मिळालं. मुंबईतल्या भाडेकरूंच्या पुनर्वसनाचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाभोवतीच फिरत राहिला आहे.

प्लेगमुळे हादरलेल्या सरकारने १८९८ मध्ये कायदा करून ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. गलिच्छ वस्त्या हटवणं, रुंद रस्ते काढणं, नवी जमीन विकसित करणं आणि गरिबांसाठी आरोग्यदायी घरं बांधणं, ही त्याची कामं. ट्रस्टची पहिली योजना नागपाड्याची. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्याचेच रस्ते. समुद्रावरचा वारा शहराच्या पोटात शिरावा, म्हणून हे रस्ते जुन्या वस्त्या कापत पूर्व-पश्चिम काढले गेले. वारा आला, पण रस्त्याच्या आड आलेली माणसं हलवावी लागली.

इथे मालक आणि भाडेकरू यांच्यातला फरक पहिल्यांदा ठळकपणे समोर आला. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे भरपाई मिळे ती जमिनीत ज्याचा हक्क असेल त्याला. महिन्याच्या भाड्यावर राहणाऱ्या गिरणी कामगाराच्या, हमालाच्या किंवा कारकुनाच्या हाती त्यातलं काही पडत नसे. भरपाई भाड्याच्या उत्पन्नावरून ठरत असल्यामुळे संपादनाची चाहूल लागताच काही मालक भाडी वाढवत आणि खोल्यांत आणखी माणसं कोंबत, अशी ट्रस्टच्या अधिकाऱ्यांचीच तक्रार असे. गर्दी हटवण्यासाठी आलेल्या योजनेमुळे काही काळ गर्दीच वाढे. घरं पाडल्यावर उठलेली बिऱ्हाडंही फार लांब जात नसत. काम जवळ हवं, उधारीवर माल देणारा दुकानदार ओळखीचा हवा, म्हणून ती शेजारच्या गल्लीत आधीच भरलेल्या खोल्यांमध्ये आणखी दाटीने राहू लागत.

ट्रस्टने चाळी बांधल्या, हेही खरं. आग्रीपाडा, नागपाडा, माझगाव, चंदनवाडी, परळ अशा ठिकाणी उभ्या राहिलेल्या बीआयटी चाळी मुंबईकरांच्या परिचयाच्या आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या अशाच चाळीत अनेक वर्षं राहिले. त्यांच्या सार्वजनिक कार्याचा मोठा भाग त्या दोन खोल्यांतून चालला. ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेड आणि हवा यांचं गणितच मांडलं होतं : समोरच्या इमारतीची उंची आणि मधलं अंतर यांचा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नसावा, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही प्रकाश पोचेल. मुंबईच्या बांधकाम नियमांवर या विचाराचा ठसा दीर्घकाळ राहिला. पण पाडकाम आणि बांधकाम यांचा वेग सारखा नव्हता. पाडण्याचं काम पुढे धावत होतं, बांधण्याचं मागून येत होतं, आणि उठवल्या गेलेल्या सगळ्यांना ट्रस्टच्या खोल्या मिळाल्या नाहीत. हातावर पोट असलेल्या अनेकांना त्या खोल्यांचं भाडंही जड जाई. १९१३ च्या सुमारास ट्रस्टच्या कायद्यात खास ‘गरीब वर्गाच्या निवासाच्या योजना’ घालाव्या लागल्या, यावरूनच सुरुवातीची उणीव ध्यानात येते.

पहिल्या महायुद्धाने घरांची टंचाई आणखी तीव्र केली. भाडी इतकी भडकली, की १९१८ मध्ये मुंबई सरकारला भाड्यावर बंधन घालणारा पहिला कायदा करावा लागला. त्यानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ काढलं. त्याच्या आद्याक्षरांवरून बीडीडी हे नाव पडलं. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया जकात बसवायची आणि त्या पैशाच्या आधाराने कामगारांसाठी ६२५ चाळींत ५० हजार खोल्या बांधायच्या, असा बेत होता. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या : वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२. खोल्या सोळा हजारांच्या आसपास. प्रत्येकी १६० चौरस फुटांची एक खोली, सिमेंटच्या भिंती आणि मजल्यावर सामाईक नळ-संडास.

वरळीच्या चाळी तेव्हा गावकुसाबाहेरच्या वाटत. गिरण्यांपासून लांब, बाजारापासून लांब. त्यामुळे शहरात घरांसाठी ओढाताण चालू असताना तिथल्या कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने त्याच चाळींत सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग केला. गरजू माणसाला घर देताना ते कुठे देतो, याला किती महत्त्व असतं, हे या रिकाम्या चाळींनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं होतं. पुढच्या नियोजनकारांनी तो धडा पुरेसा घेतला नाही.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा भाडेबंदी आली आणि स्वातंत्र्याच्या वर्षी १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं, ते प्रमाणभाडं म्हणून गोठवलं गेलं. भाडेकरूला मालक मनमानीने काढू शकत नव्हता. इमारत पाडून नवी बांधायची म्हणून मालकाने जागा मागितली, तर नव्या इमारतीत परत येण्याचा हक्क भाडेकरूला कायद्याने दिला होता. त्यासाठी त्याने ठरल्या मुदतीत तसं कळवायचं आणि मालकाने ठरल्या मुदतीत इमारत पुरी करायची, अशी रचना होती. परतीचा हक्क आणि त्याची मुदत या दोन्ही गोष्टी कायद्याच्या भाषेत इथे एकत्र आल्या, ही या कायद्याची थोरवी मानायला हवी.

त्याच कायद्याची दुसरी बाजूही आहे. भाडं गोठलं, पण चुना, लाकूड आणि गवंड्याची मजुरी गोठली नाही. दहा-पंधरा रुपये भाड्याच्या खोल्यांची इमारत दुरुस्त करायला मालकाच्या हाती पैसा राहिला नाही, आणि ज्याच्या हाती होता त्याचीही इच्छा राहिली नाही. खोली एका हातातून दुसऱ्या हातात जाताना पागडी घेतली जाऊ लागली. तो पैसा मालक आणि जुना भाडेकरू यांच्यात वाटला जाई, इमारतीच्या वाट्याला क्वचितच येई. सागाच्या तुळया, लाकडी जिने आणि मजल्यामजल्याला लटकणाऱ्या व्हरांड्यांच्या त्या इमारती पावसाळ्यामागून पावसाळे खाऊन कुजत गेल्या. साठच्या दशकात गिरगाव, काळबादेवी, उमरखाडी, परळ भागांत दर पावसात कुठे ना कुठे इमारत कोसळू लागली आणि माणसं ढिगाऱ्याखाली सापडू लागली.

मग १९६९ चा कायदा आला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना राज्याने ‘मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ’ स्थापन केलं. लोकांच्या तोंडी ते ‘रिपेअर बोर्ड’. खासगी मालकीच्या जुन्या, भाड्याने दिलेल्या इमारतींवर उपकर बसवायचा, तो महापालिकेने मालमत्ता कराबरोबर गोळा करायचा, त्याचा भार मालक आणि भाडेकरू दोघांनी उचलायचा आणि त्यात राज्य व महापालिकेच्या पैशाची भर घालून इमारतींची संरचनात्मक दुरुस्ती करायची. त्या वेळी अशा १९,६४२ इमारती होत्या. त्यांचे तीन वर्ग पाडले गेले. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि १९५१ पासून सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात. एकट्या ‘अ’ वर्गात सोळा हजारांहून जास्त इमारती होत्या. भाडं ज्या तारखेला गोठलं, तीच तारीख इथे इमारतीचं वय ठरवायला वापरली गेली. भाड्याचा कायदा आणि दुरुस्तीचा कायदा एकाच गुंत्याची दोन टोकं होती, हे त्या एका तारखेतून उघड होतं.

या व्यवस्थेतली एक गोष्ट लोक विसरतात. उपकरप्राप्त इमारतीतल्या भाडेकरूला मिळणारी मदत ही खैरात नाही. त्याने आणि त्याच्या आधीच्या पिढीने पैशांपैशांनी भरलेल्या उपकराचा तो परतावा आहे.

मंडळाचं काम ठरलेल्या पायऱ्यांनी चाले. अभियंता इमारत तपासतो. खचलेल्या जागी टेकू लावले जातात. दुरुस्तीचा खर्च दर चौरस मीटरमागे ठरवलेल्या मर्यादेत बसला, तर दुरुस्ती होते. मर्यादेबाहेर गेला, तर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते, जागा रिकामी करण्याची नोटीस येते आणि पाडून नवी बांधायचा निर्णय होतो. नोटीस घेतलेल्या भाडेकरूची नवी इमारत उभी राहीपर्यंत सोय करायला संक्रमण शिबिरं बांधली गेली. डिसेंबर १९७७ मध्ये गृहनिर्माण मंडळ, झोपडपट्टी सुधार मंडळ आणि हे दुरुस्ती मंडळ एकत्र करून म्हाडा हे प्राधिकरण झालं, आणि ही शिबिरं म्हाडाच्या ताब्यात आली.

धारावी, सायनचं प्रतीक्षानगर, अँटॉप हिल, विक्रोळीचं कन्नमवारनगर, मानखुर्द, गोरेगाव, मालवणी, बोरिवली. आज अशा अनेक शिबिरांत मिळून वीस हजारांहून जास्त गाळे आहेत. दक्षिण मुंबईत मोकळी जागा नव्हती, म्हणून शिबिरं उत्तरेला आणि पूर्वेला सरकत गेली. गिरगावातल्या खोलीतून मालवणीला किंवा मानखुर्दला गेलेल्या माणसासाठी हे फक्त अंतर नव्हतं. मुलांची शाळा सुटली, शिधापत्रिकेचं दुकान बदललं, भुलेश्वरात घरोघरी पोळ्या लाटणाऱ्या बाईचं गिऱ्हाईक गेलं, रात्रपाळी करणाऱ्याची शेवटची गाडी चुकू लागली. चाळीच्या गणपतीपुरतं परत यायचं आणि रात्री शिबिराकडे निघायचं, असं कित्येक कुटुंबांचं आयुष्य झालं.

हे सारं दोन-तीन वर्षांपुरतं असतं, तर माणसांनी सोसलं असतं. पण जिथून ते उठले, तिथे नवी इमारत उभी राहण्यात नाना अडचणी होत्या. कुठे भूखंड इतका अरुंद, की आजच्या नियमांनुसार त्यावर इमारतच बसत नाही. कुठे जमीन विकास आराखड्यात रस्त्यासाठी राखीव. कुठे मालकाचे वारस कोर्टात. कुठे मंडळाकडे पैसा नाही, कारण उपकराचं उत्पन्न जुन्या करपात्र मूल्याला बांधलेलं आणि बांधकामाचा खर्च बाजारभावाला. ज्यांच्या मूळ जागी इमारत होणंच शक्य नाही, त्यांची नावं म्हाडाने ‘बृहतसूची’त घातली. म्हणजे मास्टर लिस्टमध्ये. इतर पुनर्विकास योजनांतून म्हाडाला जे जादा गाळे मिळतात, त्यांतून या लोकांना कायमचं घर द्यायचं, अशी ती सोय. कुणाला कोणता गाळा मिळाला, यावरून वर्षानुवर्षं संशय आणि तक्रारी होत राहिल्या. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये म्हाडाने २६५ पात्र भाडेकरूंसाठी संगणकीय सोडत काढून गाळे ठरवले. त्यांतल्या अनेकांनी शिबिरात गेल्यावर केस पांढरे होताना पाहिले होते.

मधल्या काळात शिबिरांतल्या माणसांचाच गुंता झाला. मूळ भाडेकरू मेला, मुलं वाढली, खोली पुरेना. कुणी कुलमुखत्यारपत्रावर गाळा दुसऱ्याला विकला. रिकाम्या गाळ्यांची कुलपं तोडून लोक घुसले, त्यात दलालांनी हात धुऊन घेतले. शेवटी सरकारने शिबिरवासीयांचेही ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे तीन वर्ग मानले : मूळ हक्काचे भाडेकरू, त्यांच्याकडून व्यवहाराने आलेले आणि कसलाच हक्क नसलेले. पहिल्या वर्गाला पुनर्वसनाचा पूर्ण हक्क. बाकीच्यांचं काय, यावर धोरणं ठरत राहिली आणि बदलत राहिली. धारावीत ‘ट्रान्झिट कॅम्प’ हा आज एका भागाचा कायमचा पत्ता आहे. तिथे महापालिकेची शाळाही त्याच नावाने चालते, आणि ज्यांचे आजोबा चार वर्षांसाठी आले होते अशी मुलं त्या शाळेतून शिकून बाहेर पडली आहेत.

मालक इमारत बांधत नाही आणि मंडळाला बांधता येत नाही, या कोंडीवर राज्याने १९८६ मध्ये एक धाडसी उपाय काढला. म्हाडा कायद्यात ‘आठ-अ’ हे प्रकरण घातलं गेलं. इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर सरकारने ती इमारत जमिनीसह संपादित करावी, मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट मोबदला द्यावा आणि ती रहिवाशांच्या हवाली करावी. गोठलेल्या भाड्याच्या शंभरपट ही रक्कम दक्षिण मुंबईच्या जमिनीच्या भावापुढे फारच लहान होती. मालकांची संघटना न्यायालयात गेली. प्रकरण १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि तिथे मोठ्या, त्याहून मोठ्या खंडपीठांकडे सरकत तीन दशकं पडून राहिलं. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने बहुमताने सांगितलं, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही घटनेच्या अनुच्छेद ३९ (ब) मधली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. देशभर या निकालाची चर्चा घटनेतल्या तत्त्वांच्या अंगाने झाली. त्याच्या मुळाशी मात्र मुंबईतल्या टेकू लावलेल्या इमारती होत्या. आठ-अ प्रकरण वैध की अवैध, हा निर्णय त्या खंडपीठाने दिलेला नाही, म्हणजे तो प्रश्न अजून उभाच आहे.

दरम्यान, इमारती बांधायचं काम सरकारच्या हातून बिल्डरच्या हाती गेलं होतं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३ (७) या कलमाने आणि १९९९ मधल्या त्याच्या दुरुस्तीने चित्र पालटलं. भाडेकरूंना फुकट घरं बांधून द्यायची, काही जादा गाळे म्हाडाला द्यायचे आणि बदल्यात मिळणाऱ्या वाढीव चटईक्षेत्राची घरं बाजारभावाने विकायची. संमती आधी ७० टक्के रहिवाशांची लागे, आता ५१ टक्क्यांची पुरते. घराचं किमान क्षेत्रफळ २२५ चौरस फुटांवरून ३०० चौरस फुटांवर गेलं. लालबाग, परळ, दादर आणि गिरगावातले कितीतरी मनोरे या कलमावर उभे आहेत. नव्वद-शंभर चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबांना स्वतःच्या संडास-न्हाणीघराचं, मालकीचं घर मिळालं. हे यश मोठं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण या व्यवस्थेत भाडेकरूची तात्पुरती सोय बिल्डरच्या तिजोरीवर अवलंबून राहिली. शिबिर बांध किंवा महिन्याचं भाडं दे, एवढं त्याच्यावर बंधन. घरांचा बाजार पडला, कर्ज थकलं, की सगळ्यात आधी थांबतं ते भाडेकरूचं भाडं. गोरेगावच्या सिद्धार्थनगरची पत्रा चाळ हे त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण. जागा म्हाडाची, भाडेकरू ६७२. २००८ मध्ये रहिवाशांची संस्था, म्हाडा आणि विकासक यांचा त्रिपक्षीय करार झाला, चाळ रिकामी झाली. विकासकाने विक्रीचे हक्क इतरांना विकले, रहिवाशांच्या इमारती अर्धवट राहिल्या, भाडं बंद पडलं. २०१८ मध्ये म्हाडाने करार रद्द करून प्रकल्प स्वतःकडे घेतला आणि पुढे उरलेलं बांधकाम स्वतः हाती घेतलं. करारावर सरकारी प्राधिकरणाची सही असूनही ६७२ कुटुंबांनी आयुष्याची अनेक वर्षं भाड्याच्या खोल्या बदलण्यात घालवली.

असे अनुभव आजूबाजूला दिसत असताना, धोकादायक इमारत सोडायला माणसं का तयार होत नाहीत हे कळायला कठीण नाही. भेंडीबाजारात २००९ नंतर सुमारे साडेसोळा एकरांवर समूह पुनर्विकासाची मोठी योजना एका धर्मादाय न्यासाने हाती घेतली. तिथल्या हुसैनी इमारतीतली काही कुटुंबं न्यासाने दिलेल्या पर्यायी घरांत गेली होती, काही तिथेच राहिली होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी ती इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. बरोबर एक वर्षाने, १६ जुलै २०२० रोजी, फोर्टमध्ये भानुशाली इमारत पडली. दर दुर्घटनेनंतर ‘रहिवाशांनी नोटिशीला दाद दिली नाही’ असं ऐकू येतं. नोटीस हातात असताना तिथे राहणारा माणूस मरणाला कमी भितो असं नाही. एकदा बाहेर पडलो, की आपली जागा पुन्हा आपली होणार नाही, ही भीती त्याला अधिक खरी वाटते. कारण ती खरी झालेली त्याने शेजारच्या इमारतीत पाहिलेली असते.

या भीतीवर कायद्याने दोन चांगली उत्तरं दिली आहेत. २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. बांधकाम गेलं तरी ते ज्या जमिनीवर होतं तिच्यावर भाडेपट्ट्याचा हक्क टिकतो. दुसरं, २०१३ च्या भूसंपादन व पुनर्वसन कायद्याने, १८९४ च्या कायद्याने ज्याला मोजलं नव्हतं त्या माणसाला मोजलं. संपादनापूर्वी तीन वर्षं तिथे राहणारं कुटुंब, मालक असो वा नसो, ‘बाधित’ ठरतं आणि पुनर्वसनाच्या लाभांना पात्र होतं. नागपाड्यातल्या भाडेकरूपासून इथवर यायला एका शतकाहून जास्त काळ लागला. मात्र हा कायदा सरकारी संपादनापुरता आहे. खासगी पुनर्विकासात उठणाऱ्या भाडेकरूला तो लागू होत नाही. उपनगरांतल्या जुन्या इमारतींवर उपकरच नसल्याने तिथल्या भाडेकरूला रिपेअर बोर्डाचं शिबिरही नाही.

२०२२ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या म्हाडा कायद्यातल्या दुरुस्तीने नवी शिडी उभी केली. इमारत धोकादायक ठरली, की आधी मालकाला सहा महिन्यांची संधी, मग भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिन्यांची, आणि दोघांनी काही केलं नाही तर म्हाडाने जागा संपादित करून इमारत बांधावी. रखडलेले प्रकल्प ताब्यात घेण्याचीही तरतूद तिच्यात आहे. या दुरुस्तीखाली काढलेल्या नोटिसांवरून मालक पुन्हा न्यायालयात गेले आहेत.

२०२५ च्या पावसाळ्यापूर्वी मंडळाने ९६ इमारती अतिधोकादायक म्हणून जाहीर केल्या. तेवढ्या रहिवाशांना पुरतील इतके गाळे शिबिरांत नव्हते. म्हणून स्वतः घर शोधणाऱ्याला महिन्याला २० हजार रुपये भाडं द्यायचं ठरलं. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातही भाडेकरूंना शिबिराऐवजी महिन्याला २५ हजार रुपयांचा पर्याय दिला गेला. त्याच वर्षी १४ ऑगस्टला वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून उठलेली ही माणसं त्याच वरळीत परतली. तिथे जमीन सरकारची, बांधणारं प्राधिकरण सरकारचं आणि भाडं देणारंही सरकार होतं, म्हणून हे घडू शकलं. खासगी मालकीच्या हजारो उपकरप्राप्त इमारतींत या तीन गोष्टी एका हातात नाहीत.

रोख भाड्याचा मार्ग शिबिरापेक्षा चांगला आहे, कारण तो माणसाला त्याच्या शाळेजवळ आणि कामाजवळ राहू देतो. पण त्याला काही जोड हवी. प्रकल्पाच्या पूर्ण मुदतीचं भाडं पाडकामाआधी वेगळ्या खात्यात जमा झालं पाहिजे. दर वर्षीच्या भाडेवाढीनुसार ते वाढलं पाहिजे. प्रत्येक भाडेकरूच्या नावावर, क्षेत्रफळ आणि मजल्यासकट नोंदणीकृत करार झाला पाहिजे, म्हणजे त्याच्या पश्चात त्याच्या वारसाला ‘अ’ की ‘ब’ की ‘क’ या रांगेत उभं राहावं लागणार नाही. आणि त्या करारात ताबा देण्याची तारीख असली पाहिजे, ती चुकल्यास दंडही. त्याच मनोऱ्यात बाजारभावाने घर घेणाऱ्याला २०१६ च्या रेरा कायद्याने अशी तारीख आणि ती चुकल्यास व्याज मागण्याचा हक्क दिला आहे. ज्याच्या संमतीवर तो मनोरा उभा राहतो, त्या भाडेकरूला हा हक्क अजून त्या कायद्यात मिळालेला नाही. तो द्यायला नवं मंडळ किंवा नवं शिबिर लागत नाही. कायद्यात एक दुरुस्ती केली, तरी पुरेल.